गवंड्यानं शिवलेली गोधडी

माझं शिक्षण विचारू नका. शाळेत उर्दूचं अलिफ-बे गिरवत होतो तवर पोलीस ॲक्शन झालं अन् निजाम गेला. मग मराठीत अ-आ गिरवायला लागलो, तवर बापानं पाटी काढून घेतली अन् हातात थापी दिली. दोन्ही लिप्या अर्धवट राहिल्या, पण भिंत माझी एकही अर्धवट राहिली नाही. या शहराचं नाव औरंगाबाद होतं तेव्हा बांधलेल्या माझ्या भिंती आजही उभ्या आहेत. ओळंबा लावून बघा, केसाएवढा फरक निघाला तर मिशी उतरवीन. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची गोष्ट सुई-दोऱ्याची आहे, अन् ऐकणारा म्हणायचा, म्हाताऱ्याला दुसरं काही येत नव्हतं वाटतं.

घरात सुई-दोरा म्हणजे बायकोचं राज्य. चिंधी म्हणून काही फेकायची नाही, हा तिचा कायदा. लुगडं विरलं की गोधडी, गोधडी विरली की पायपुसणं, अन् पायपुसणं विरलं की चुलीवरचं भांडं उतरवायचा फडका. माझी जुनी धोतरं रंगवून तिनं खिडक्यांना पडदे केले होते. पाहुणे म्हणायचे, पडदे झकास आहेत. कोणत्या पडद्याला कुठं ठिगळ आहे अन् ते कोणत्या कामावर फाटलेलं, ते मला पाठ होतं. दारावरच्या तोरणात औषधाच्या बाटल्यांची झाकणं कापडात गुंडाळून ओवलेली. अन् गोधडीत तर तिचा हात कुणी धरावा! गल्लीत कुणाकडं पाळणा हलणार असला की जुनी लुगडी काखोटीला मारून बाया आमच्याच दारात.

लेक आमची कन्नड गावात दिलेली. तिच्या डोहाळजेवणाला आम्ही दोघं गेलो. जेवणं आटोपली तशा विहीणबाईंनी ट्रंकेतून एक मखमली ब्लँकेट काढलं. लालभडक, अन् त्यावर वाघ. वाघाचा एकेक डोळा बशीएवढा.

"बारशाला हे पाळण्यात घालू," विहीणबाई म्हणाल्या. "गोधड्या-बिधड्या कोण शिवतंय आता? त्यातून तुम्ही शहरातली माणसं."

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे बारसं आमच्या घरी, पाळणा आमचा. त्यामुळं माझ्या बोलण्याला जोर होता. मी म्हटलं, "आमच्या घरातलं लेकरू घरच्या गोधडीवर निजतं. बाजारातलं कापड पाळण्यात जाणार नाही. शब्द हाय माझा."

परतीच्या गाडीत बायको घाट संपेस्तोवर पदराचं टोक पिळत बसली. मग म्हणाली, "शब्द तुमचा अन् हात माझे. विचारलं तरी का मला?"

"त्यात काय विचारायचं? तू शिवतेसच की."

हे बोलायला नको होतं. लेक बाळंतपणाला आली, दिवस भरत आले, अन् ऐन वेळी बायको नळावर हंड्यासकट घसरली. उजवं मनगट मोडलं. दीड महिन्याचं प्लास्टर. दवाखान्यातून घरी आलो तसं तिनं तो पांढरा हात मांडीवर ठेवला अन् मला विचारलं, "शब्द हाय ना अजून?"

"हाय."

"मग घ्या सुई."

लेकीला नववा, तिला वाकून बसवत नव्हतं; बाहेरून शिवून घ्यावी तर ती घरची गोधडी कशी? विहीणबाईंना शब्द दिला होता घरच्याचा. मी म्हटलं, शिवतो, पण बाहेर कळता कामा नये. कुणी विचारलं तर सांग, हात मोडायच्या आधी तूच शिवलीस.

"मी खोटं बोलणार नाही," बायको म्हणाली.

"बोलू नको. नुसती गप्प बस."

"ते त्याहून अवघड हाय," कोपऱ्यातून लेक म्हणाली अन् पदर तोंडात धरून हसायला लागली.

कामावरून आलो की हातपाय धुवायचे, दाराला कडी घालायची अन् बसायचं. पहिल्या दिवशी मी दाभण घेतला. चांगला जाड, पोती शिवायचा. दोन टाके घातले अन् बायको ओरडली, "लेकरू घालायचंय त्यात, गहू नाय!"

मग बारीक सुई घेतली. ओवायला अर्धा तास. बोटांना टोचायची मात्र भीती नव्हती. चुना-सिमेंटनं कातडी अशी झालेली की सुईच वाकायची. तीन सुया वाकवल्यावर बायको म्हणाली, लोहाराला सांगून करून आणा.

पण काम म्हटलं की मी माझ्याच पद्धतीनं करणार. बायको तुकडे लावायची नजरेनं, हा इथं शोभतो, तो तिथं शोभतो. मला ते मान्य नाही. मी तुकडे विटांसारखे रचले. थरावर थर, अन् सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, नाहीतर भिंत चिरते.

"ही भिंत नाय," बायको म्हणाली.

"म्हणून काय चिरू द्यायची?"

कोपरे गुण्या लावून काटकोनात तपासले. टाक्याची ओळ सरळ यावी म्हणून दोरा निळीत बुडवून ताणला अन् फटकन सूत मारलं, भिंतीवर मारतात तसं. सबंध कापडावर निळ्या रेघा उठल्या. लेक म्हणाली, "आबा, वहीची आखणी केली का काय? बाळ आल्या आल्या शाळेत बसवायचं का?"

आमच्या भिंतीला भिंत लागून एक म्हातारे दर्जीचाचा राहायचे. शहागंजात त्यांची मशीन होती. एकदा ते कात्रीला धार लावायला माझा दगड मागायला मागच्या दारानं सरळ आत आले. मी मांडीवर गोधडी, दातांत दोरा, अन् कानावर पेन्सिल असा बसलेला. चाचा कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

"क्या मिस्त्री, गोधडी सी रहे के स्लॅब डाल रहे?"

"चाचा, किसी कू बोलना नक्को."

"मैं कायकू बोलूं? लोगां मेरे कूच हँसेंगे, के पडोसी कू इत्ता बी नै सिखाया." मग त्यांनी खाली बसून एक टाका निरखला, दुसरा निरखला. "टाका सीधा है लेकिन," म्हणाले. दगड न नेताच गेले, अन् परत आले ते बोटात घालायचं अंगुस्तान अन् हिमरूच्या रेशमी कापडाची उरलेली एक पट्टी घेऊन. "किनार कू लगाव. अमीर दिखेगी."

माझ्या आयुष्यात कुणी कामाची तारीफ केली तर मी मान हलवत नाही, पण त्या दिवशी हलवली असावी. बायको सांगते तसं.

लेक सुखरूप सुटली, नात झाली. बारशाच्या आदल्या दिवशी गोधडीचा एकच कोपरा उघडा राहिला होता. घरात शेजारणी पुरणपोळ्या लाटत होत्या. बायको चुलीकडं जाता जाता मला हळूच म्हणाली, "तो शेवटचा कोपरा बुजवायच्या आधी आत पोळीचा घास घाला. उपाशी गोधडी ऊब धरत नाही."

किती घालायचा, ते तिनं सांगितलं नाही अन् मी विचारलं नाही. विचारतो तो बिगारी. मिस्त्री विचारत नसतो. मी माझा विचार केला. घराला कोपरे चार. एका कोपऱ्याला खाऊ घातलं अन् तीन उपाशी ठेवले, हे कुठलं बांधकाम? झालं, आतल्या खोलीला कडी घालून शिवलेले तीन कोपरे मी पुन्हा उसवले. एक अख्खी पोळी घेतली, तिचे चार चतकोर केले, प्रत्येकावर चमचाभर तूप सोडलं. पाया भरताना माल कमी घालणाऱ्यातला मी नव्हे. चारी कोपरे शिवले. जरा टेंगळं आली, ती थापीच्या दांड्यानं ठोकून सपाट केली. गोधडी पाळण्यात अंथरली अन् त्या दिवशी लई वर्षांनी दुपारी झोपलो.

दुसऱ्या दिवशी कन्नडची मंडळी आली. घर बायांनी भरलं. छतातल्या कडीला पाळणा टांगलेला. ती कडीही मीच बसवलेली. पाळण्यावर लेकीनं चिंध्यांच्या चिमण्या टांगल्या होत्या. आम्ही पुरुष ओट्यावर. मी मात्र दाराच्या चौकटीला टेकून उभा, काही काम नसताना.

विहीणबाईंनी आधी गोधडी उचलून उलटी केली, सुलटी केली. "विहीणबाई, हात लई सरळ हाय तुमचा," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. "असा टाका आमच्या कन्नडात कुणाचा नाय. एकेक टाका मोजून घातल्यावाणी."

बायकोनं पदराखाली प्लास्टर झाकलं. माझ्या ओठावर आलं होतं, पण मीच घातलेली अट होती. एवढी तारीफ, अन् ती भलत्याच्याच नावावर जमा होताना बघायची! मी खांब बांधताना पडलो तेव्हासुद्धा इतका त्रास झाला नव्हता.

विहीणबाईंनी गोधडी परत अंथरली, नातीला घालायच्या आधी हातानं चोपली, अन् एकदम किंचाळल्या. हात झाडायला लागल्या. मनगटापर्यंत तांबड्या मुंग्या! बायांनी वर बघितलं. छताच्या कडीपासून साखळीवरून पाळण्यापर्यंत मुंग्यांची रांग लागलेली. खरं सांगतो, मी ओळंब्यानं लावली असती तरी एवढी सरळ लागली नसती. जाताना लगबगीनं, येताना तोंडात पुरण.

नात तेवढी आत्याच्या हातात होती, हे बरं झालं.

विहीणबाई खेड्यातल्या, अनुभवी. त्यांनी कोपरा चाचपला, कात्री मागितली अन् उसवला. आतून चतकोर पोळी निघाली, तुपानं पारदर्शक झालेली. दुसरा उसवला, दुसरा चतकोर. तिसरा. चौथा. त्यांनी चारी तुकडे ताटलीत एकाला एक लावून ठेवले. अख्खी गोल पोळी झाली.

"विहीणबाई," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "गोधडीला घास घालतात, नखाएवढा. तुम्ही तर पंगत वाढली!"

घर हसलं. आमच्याच गल्लीतली एक, जिच्या तिन्ही लेकरांच्या गोधड्या बायकोनं शिवल्या होत्या, ती म्हणाली, "हात मोडला तशी अक्कलबी मोडली व्हय?"

"राहू द्या," विहीणबाई म्हणाल्या, "हे हाय ना." अन् पिशवीतून वाघाचं तोंड बाहेर आलं.

बायको तशीच उभी. कबूल केल्याप्रमाणं गप्प. फक्त तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. भिंत ओळंब्यात आहे का नाही, ते आपण बघतो ना एक डोळा बारीक करून, तसं.

मी चौकट सोडून आत गेलो. बायकांच्या बारशात, सरळ मधोमध.

"तिनं नाही शिवली," मी म्हटलं.

"मग कुणी?"

"मी. टाकेबी माझे अन् पोळीबी माझी."

विहीणबाई गोधडीकडं बघत, मग माझ्याकडं, मग परत गोधडीकडं. "तुम्ही? गवंडी?"

"मिस्त्री," मी म्हटलं.

"मग चारी कोपऱ्यांत का?"

"घराला कोपरे किती असतात?"

विहीणबाई हसता हसता खालीच बसल्या. त्यांच्या मागोमाग सगळ्याच. लेक तर रडायलाच लागली हसून. बायको हसली नाही. तिनं पदरातून प्लास्टर बाहेर काढलं अन् त्या तिघा लेकरांच्या आईला म्हणाली, "अक्कल शाबूत हाय माझी. फक्त उसनी दिलेली."

मग गोधडी उन्हात झटकली. तुपाचे डाग गेले नाहीत म्हणून विहीणबाईंनी चारी कोपरे तिरके कापूनच टाकले, म्हणजे चाराचे आठ झाले, अन् सुई घेऊन बसल्या. चार टाके मी बघितले. पाचव्याला राहवलं नाही. "ओळ चुकतीय," मी म्हटलं.

"मग घ्या की," म्हणून त्यांनी सुई माझ्या हातात दिली. तीस बायांच्या मधे बसून मी कोपरे शिवले, अंगुस्तान घालून. एका कोपऱ्यात बायकोनं डाव्या हातानं पोळीचा घास ठेवला. खरंच नखाएवढा. एवढ्याशानं कुणाचं पोट भरतं, हे मला अजून पटलेलं नाही.

तोवर नात आत्याच्या मांडीवर वाघावर झोपली होती. मांडीवर. पाळण्यात नाही. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढं लई जणांनी ते उलटं सांगितलं. पाळण्यात ती गेली ती गोधडीवरच, अन् झोपली. उठली तेव्हा पाठीवर निळीच्या रेघा उमटल्या होत्या, पण त्या दोन अंघोळींत निघाल्या.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर सगळ्या गवंड्यांना खबर. एक म्हणाला, "मिस्त्री, आमच्या घरी एक दुलई शिवायची होती." मी म्हटलं, "तुझ्या भिंतीपेक्षा सरळ शिवीन."

दोनेक वर्षांनी कन्नडच्या गाडीनं एक गाठोडं आलं. आत विहीणबाईंची जुनी मऊ लुगडी, धुऊन, घड्या घालून. आणणाऱ्यानं निरोप तोंडपाठ केला होता: लेकीला परत दिवस गेलेत. गोधडी व्याहीबुवांच्याच हातची पाहिजे. कोपरे चारच ठेवा. अन् घास तेवढा आम्ही इकडं घालू.

बायकोचं मनगट तोवर पुरतं बरं झालं होतं. तिनं गाठोडं सोडलं, लुगडी चाचपली अन् निळीची पुडी माझ्यापुढं सरकवली.