आम्ही न केलेली राइड

आधीच सांगून ठेवते, माझ्या माहेरी किंवा सासरी कुणालाही कधी काही 'दिसलेलं' नाही. अमावास्येला बाइक काढू नको म्हणणाऱ्या नणंदेला मी तोंडावर हसले आहे. इथले अनुभव मी नेमाने वाचते, पण चहाबरोबर खारी खावी तसे... तेवढीच करमणूक. स्वतः लिहायची पाळी येईल असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण घडलंय ते घडलंय. आणि साक्षीदार आहे माझा नवरा, जो माझं साधं भाजीतलं मीठसुद्धा वाद घातल्याशिवाय मान्य करत नाही.

मी स्मिता. राहायला वसईत, गिरीजला. घराला लागून आमची वाडी आहे, केळी, नारळ, थोडी भाजी. मी शाळेत गणित शिकवते, विलास बँकेत आहे. पन्नाशी ओलांडली आम्ही, पण रविवारी घरात पाय ठरत नाही. दोघांच्या दोन बाइक. हो, माझी वेगळी! त्याच्या पाठीकडे बघत बघत कोकण बघायचा मला कंटाळा आला होता.

मला बाइक शिकवली माझ्या सासऱ्यांनी. त्यांना सगळं गाव भाऊ म्हणतं. लग्न होऊन आले तेव्हा वाडीतली भाजी बाजारात न्यायला त्यांच्याकडे एक जुनी, धूर ओकणारी मोटारसायकल होती. "सुनेला कशाला शिकवतोस रे?" असं शेजारच्यांनी विचारलं, तर भाऊ म्हणाले, "मग काय तुझ्या सुनेला शिकवू?" असा माणूस. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत. शुगर आहे, गोळ्या आणि जेवण वेळच्या वेळी लागतं. आणि अलीकडे विसरतात. कधी सकाळचा नाश्ता विसरतात, कधी मधली पन्नास वर्षंच गायब होतात. सायकल मात्र सोडत नाहीत. सायकलला कुलूप लावलं की दिवसभर घर डोक्यावर घेतात, म्हणून आम्ही ते लावणं सोडून दिलं होतं.

तर मूळ विषय. प्रत्येक ट्रिपचा जीपीएस ट्रॅक मी जपून ठेवते. हँडलवर एक छोटं यंत्र असतं, ते आपण गेलो ती वाट ठिपक्याठिपक्यांनी नोंदवत जातं. घरी आलं की ते लॅपटॉपवर चढवायचं आणि ट्रिपला नाव द्यायचं. माझी नावं अशी : 'आंबोली – विलास रुसला', 'जव्हार – डेनिसचा टायर'. माझा एकच कडक नियम आहे. यंत्र गावाची वेस ओलांडल्यावरच सुरू करायचं. ट्रॅक आम्ही ग्रुपवर टाकतो, आणि आमचं घर नेमकं कुठे आहे ते अख्ख्या जगाला कशाला कळायला हवं? म्हणजे आमचा एकही ट्रॅक आमच्या फाटकातून सुरू होत नाही. हे जरा लक्षात ठेवा.

हे सगळं मी वर्षानुवर्षं एका जुन्या मॅपिंग सॉफ्टवेअरमध्ये ठेवत होते. ते बनवणाऱ्यांनी दुकान बंद केलं आणि नवीन लॅपटॉप त्याला दारात उभं करेना. आमच्या रविवारच्या टोळीतला डेनिस म्हणाला, "स्मिता, किती दिवस त्या मढ्याला कवटाळून बसणार? हे नवीन घे." टोळीतले सगळे तेच वापरत होते. म्हणून एका रविवारी राइड रद्द करून, सकाळीच चहाचा कप घेऊन बसले आणि जुने ट्रॅक नव्यात ओतले.

नव्याचा पहिला आगाऊपणा लगेच दिसला. हे शहाणं प्रत्येक ट्रॅक उचलून जवळच्या डांबरी रस्त्यावर नेऊन चिकटवत होतं! आम्ही शेताच्या बांधावरून गेलो होतो तिथे हे दाखवतंय हायवे. मला असला खोटा नीटनेटकेपणा अजिबात खपत नाही. सेटिंग शोधून बंद केलं, आणि सगळ्या रेषा आपापल्या खऱ्या जागी जाऊन बसल्या.

तेव्हाच ती एक रेषा दिसली.

बाकीचे ट्रॅक लांब-लांब पसरलेले, ही मात्र इथल्या इथे. नाव नाही, तारखेची जागा कोरी. आणि सुरुवात थेट आमच्या फाटकातून! तिथून गावातल्या रस्त्याने जवळच्या सांडोर गावापर्यंत, मग एका गल्लीत, सॅटेलाइट नकाशावर दिसणाऱ्या एका नव्या कंपाउंडच्या भिंतीपाशी आकड्यासारखी वळून वाडीत आत. ठिपके इतके जवळजवळ की बाइक शक्यच नाही, कुणीतरी रमतगमत गेलेलं. आणि शेवटी एक गुंता. जीपीएसवाल्यांना हा गुंता ओळखीचा असतो. माणूस एका जागी खूप वेळ थांबला की यंत्र आजूबाजूला वेड्यावाकड्या रेघोट्या मारत राहतं. आमच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर असा गुंता आहे, पण हा फारच दाट होता.

"विलास, आपण सांडोरला कुणाच्या वाडीत कधी गेलो होतो का रे?" मी ओरडून विचारलं. तो आला, चष्मा वर करून बघितलं. "आपला नाही. कुणाचा तरी मिसळला असेल. काढून टाक." पाठीमागे भाऊ कांदेपोहे खात बसले होते, शेंगदाणे वेचून बाजूला काढत. हे मी मुद्दाम सांगतेय. ती रेषा आम्ही दोघांनी पाहिली तेव्हा भाऊ आमच्या पाठीशी, खुर्चीवर, घरातच होते.

मी ती डिलीट केली आणि स्वयंपाकाला लागले.

जेवायला हाक मारली तर भाऊ नाहीत. पडवीत नाहीत, वाडीत नाहीत... सायकल पण नाही. मोबाइल उशाशी, दुपारच्या गोळ्या डबीत तशाच. गोळीपेक्षा जेवणाची काळजी मोठी. सकाळची गोळी घेतलेली आणि वर जेवण नाही, म्हणजे शुगर खाली जाणार. त्यात ऊन मी म्हणत होतं. चक्कर येऊन कुठे पडले तर?

विलास पोलीस चौकीत जाऊन आला. मी ग्रुपवर टाकलं आणि आमची टोळी अर्ध्या तासात हजर. डेनिस तर मिस्सा करून चर्चमधून थेट, इस्त्रीच्या शर्टातच. शोधायची पद्धत मीच ठरवली. ज्याने त्याने फोनवर ट्रॅक चालू ठेवायचा, म्हणजे कोणता रस्ता बघून झाला ते सगळ्यांना दिसेल आणि एकाच ठिकाणी दोघं जाणार नाहीत. मला तेव्हा माझंच कौतुक वाटलं होतं. स्टेशन, बाजार, किल्ला, समुद्राकडचा रस्ता... दुपार कलत गेली तशा नकाशावर रेषा वाढत गेल्या, आणि भाऊ कुठेच नाहीत. विलास पुन्हा एकदा चौकीत जाऊन आला.

"आता राहिलं काय?" मी डेनिसला विचारलं.

"इकडचं सगळं झालं. सांडोर पण झालं. हे बघ की." त्याने फोन पुढे केला.

सांडोरच्या रस्त्यावर त्याची रेषा अगदी पट्टीने आखल्यासारखी बसली होती. ती बघूनच मला खटकलं. "तू गल्लीत आत वाडीपर्यंत गेलास?"

"वाडीत कशाला जाऊ? रस्त्याने फिरलो. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळवली."

"मग इथे गल्लीभर रेषा कशी?"

मी त्याच्या फोनचं सेटिंग उघडून बघितलं. त्याच्या फोनवर, टोळीतल्या सगळ्यांच्याच फोनवर, ते चिकटवायचं सेटिंग चालू होतं! गल्लीचं तोंड गाठून परत फिरलेला माणूस नकाशावर गल्ली पार करून आल्यासारखा दिसत होता. आम्ही सगळे बाइकवाले. रस्ता झाला म्हणजे गाव झालं, असंच धरून चाललो होतो. आणि भाऊ तर सायकलवर होते!

त्या क्षणी मला सकाळचा तो गुंता आठवला. "विलास, चल," एवढंच म्हटलं आणि बाइकला किक मारली. तोही काही विचारत बसला नाही. त्याने पण ती रेषा पाहिली होती ना.

सांडोरला त्या गल्लीत शिरलो. नव्या कंपाउंडची भिंत आली. भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस जाईल एवढी फट. तिथेच ती रेषा आकड्यासारखी वळली होती. फटीच्या पलीकडे भाऊंची सायकल, व्यवस्थित स्टँडवर लावलेली. मी बाइक तिथेच सोडली आणि केळीतून पळत सुटले. पुढे जमीन खाली उतरत गेली. एक जुनं बावखल होतं. आमच्याकडे वाडीच्या पाण्यासाठी खणलेल्या तळ्याला बावखल म्हणतात. अर्धं बुजलेलं, वर सगळं अळू माजलेलं. तिथे पाणी आहे हे जवळ गेल्याशिवाय कळणारही नाही.

"भाऊ!" मी किंचाळले. "भाऊ!"

अळूतून आवाज आला, बारीक पण चिडलेला. "ओरडतेस काय गो? बहिरा नाही मी."

मांडीपर्यंत गाळात, पाठ काठाला टेकलेली, पाय मुरगळलेला, चेहरा घामाने निथळत होता. विलास बुटांसकट चिखलात उतरला आणि बापाला मिठी मारून लहान पोरासारखा रडायला लागला. मी कमरेच्या पिशवीतला ग्लुकोजचा पुडा फोडला, हातावर घेऊन त्यांच्या तोंडात घातला. मीही रडत होते, आणि एकीकडे त्यांना शिव्या घालत होते. "कुठे निघाला होतात तुम्ही? न सांगता?"

"मामाकडे," ते म्हणाले. "केळफूल आणायला."

भाऊंचं आजोळ सांडोरचं, हे मला ऐकून माहीत होतं. मामा जाऊन कित्येक वर्षं झाली. ती वाडी विकली गेली, मधे दोन-तीन हात बदलले. ती नेमकी कुठे होती हे विलासलासुद्धा ठाऊक नव्हतं, मला तर सोडाच.

घोट्याला फ्रॅक्चर निघालं, शुगर बरीच उतरली होती. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, अजून अंधार पडेपर्यंत तसेच राहिले असते तर सांगता येत नव्हतं.

भाऊ घरी आल्यावर आम्ही ती रेषा शोधली. नव्या सॉफ्टवेअरच्या ट्रॅशमध्ये नाही. जुन्या लॅपटॉपवर नाही, हँडलवरच्या यंत्रात नाही. डेनिस म्हणतो, इम्पोर्ट करताना गडबड होते, चार ट्रॅकचे तुकडे जुळून पाचवा तयार होतो. असेल बाबा. पण त्यातला एक तुकडा आमच्या फाटकातून निघायला नको? आमच्या एकाही ट्रॅकमध्ये फाटक नाहीच! विलासचं म्हणणं असं की मी मोठ्याने "सांडोर" म्हणाले, ते भाऊंच्या कानावर पडलं आणि त्यांना मामा आठवला. हे मला पटतं, अगदी पटतं. पण मग सांडोर म्हणायला लावणारी ती रेषा मुळात आली कुठून? आणि जिथे ते अजून पडलेच नव्हते तिथे तो गुंता कुणी घातला? मी गणिताची बाई, सगळ्या बाजूंनी मांडून बघितलं. उत्तर येत नाही.

भाऊंना विचारलं तर ते म्हणाले, "तुम्ही येणार हे मला माहीत होतं." कसं, ते काही सांगत नाहीत. कदाचित त्यांना आठवतही नसेल.

खरं सांगू? सुरुवातीला रात्र-रात्र डोकं खाजवलं. आता सोडून दिलं. कुणाला काही सुचलं तर खाली जरूर लिहा, मी वाचीन. नाही सुचलं तरी माझी तक्रार नाही. प्लास्टर निघालंय, भाऊ वॉकर घेऊन घरभर फिरतात आणि येताजाता मला कामाला लावतात. आत्तासुद्धा आतून हाका चालू आहेत, सुक्या बोंबलाचं कालवण गार झालं म्हणून. उठते. गरम करून वाढते त्यांना.