भागाक्काचं माप

भागाक्का कैऱ्या घ्यायला बसली की आधी कैरीला हात लावत नसे, तागडी उलटी करून तिचा तळ बघे. तळाला चिंच चिकटवून वजन मारलेलं असणार, हा तिचा कायमचा संशय. ती लांबून येताना दिसली की जळगावच्या बाजारातल्या माळणी तागड्या पुसून ठेवत. "तागडीनं ऐकानं नही, मापले इचारानं," असं ती त्यांच्या तोंडावर म्हणे.

तिची आणि आमची भिंत एकच होती. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात तिनं माझा हात हातात घेतला. मला वाटलं, बांगड्या बघतेय. ती वास घेत होती. तिच्या परसातला कढीपत्ता कुणीतरी खुडला होता.

मात्र गुळांबा करावा तिनंच. कैरी बाजारातून तोलून यायची आणि घरात कीस नि गूळ पडायचा मापानं, त्यामुळे बाकीच्या बायकांचा दरवर्षी गोंधळ उडे. भागाक्काचा हिशेब सोपा होता. शेरभर कैऱ्यांची सालं नि कोयी गेल्या की उरलेला कीस तिचं पितळी माप काठोकाठ भरायचा, मग तेवढाच गूळ. त्या मापाला एका बाजूनं पोचा होता. त्यात अंगठा रोवून ती माप धरायची.

एका उन्हाळ्यात माप कल्हईला जाऊन चकचकीत होऊन आलं आणि घरात भांडणाची आग लागली. कीस भरेना. दरवेळी काठाखाली दोन बोटं रिकामी. भागाक्कानं माळणीला विचारलं, किसणी तपासली आणि शेवटी यावलहून आलेल्या आपल्या सुनेकडे, गिरजाकडे, वळली.

"कीस कथा गया? भितपल्याड जास का?"

कीस जातो कुठं, तर भिंतीपल्याड, म्हणजे माझ्याकडे! मला असा राग आला की पंधरवडाभर मी तिच्याशी बोलले नाही. पण मी शेजारीण, मला रागावून चालत होतं. गिरजाला रोज त्याच चुलीपाशी बसायचं होतं. तिनं यावलला निरोप धाडला. भाऊ बैलगाडी घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा गाठोडं बांधून ती एवढंच म्हणाली, "आत्याबाई, आते तुम्हीच किसा, तुम्हीच भरा. मंग देखा चोर कोन शे."

भागाक्का हट्टाला पेटली. भाऊ ओसरीवर, गिरजा उंबऱ्यात, मी भिंतीवरून मान काढून. तिनं स्वतः तोललं, स्वतः सोललं, स्वतः किसलं, मापात भरलं. दोन बोटं रिकामीच.

"मंग मीच खादा का?" ती स्वतःकडेच संशयानं बघत म्हणाली.

माप उचलायला गेली आणि थबकली. अंगठ्याला जागा सापडेना. अंगठा पितळेवरून घसरत राहिला. कल्हईवाल्यानं, न सांगता, चांगुलपणानं पोचा ठोकून सरळ केला होता. माप मोठं झालं होतं, कीस होता तेवढाच होता.

माफी मागणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं माप रिकामं केलं, आडवं धरलं, बत्ता घेतला आणि दोन घाव घालून पोचा परत पाडला. कीस पुन्हा भरला. काठोकाठ.

"गाठोडं सोड," ती खाली बघून गिरजाला म्हणाली. "गूळ किसना शे."

गिरजानं गाठोडं उंबऱ्यात ठेवलं. मग भावाला म्हणाली, "भाऊ, बैलं सोड. जेवून जाय."

त्यानंतर भागाक्का बदलली, असं मी सांगणार नाही. माझ्या हाताचा वास ती पुढंही घ्यायची. पण तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात ती ओसरीवरच्या खाटेवर पडून होती आणि गिरजा शेजारी बसून कैऱ्या किसत होती.

"आत्याबाई, देखा, माप भरस."

"तू भर. माले देखनं नही," म्हणून भागाक्कानं डोळे मिटले.

गिरजानं भरलेलं माप तरीही तिच्या हाताशी नेलं. मिटल्या डोळ्यांनीच भागाक्काचा अंगठा मापावरून फिरला. पोचा सापडला, तिथं विसावला. काठापर्यंत तिनं बोट नेलं नाही.

मी भिंतीशी उभी होते. मला रडू आवरेना.