दाबा हिरवं

आमच्या कारखान्यात रोज सकाळी एक यंत्र विचारतं, 'आज कसं वाटतंय?' फाटकाशी भिंतीवर तो स्क्रीन बसवलाय. कार्ड लावलं की तीन चेहरे उमटतात. हिरवा हसरा, पिवळा मख्ख आणि लाल रडका. ज्यानं त्यानं आपला चेहरा दाबायचा आणि कामाला जायचं. लाल दाबला गेला की माझ्या मोबाईलवर निरोप येतो आणि मी जेवणाच्या सुट्टीत त्या माणसाला फोन करते. यंत्रानं ओळखायचं आणि माणसानं सावरायचं, अशी पुण्याच्या मुख्य कार्यालयाची योजना. त्यातलं माणूस म्हणजे मी, सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या या कारखान्याची कामगार कल्याण अधिकारी.

हुद्दा ऐकून माझी आई हसली होती. म्हणाली, "आधी स्वतःचं कर."

आई सांगलीला असायची. रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला तिचा फोन यायचा. "जेवलीस का?" सातला कोण जेवतं, म्हणून मी तिच्यावर करवादायचे. योजना सुरू व्हायच्या थोडं आधी ती गेली. सांगलीचं घर आता बंद असतं आणि शनिवारची एसटी मी सोडून दिली. महामार्गालगत, औषधाच्या दुकानावर माझी भाड्याची खोली आहे. वाटीभर भाताचा कुकर लावायचा, त्याच्या शिट्ट्या ऐकायच्या आणि सातच्या आत जेवून घ्यायचं. विचारणारं कुणी नाही, पण उत्तर तयार असलेलं बरं वाटतं.

सुरुवातीला लाल भरपूर आले. कुणी गंमत म्हणून दाबला, कुणाचं बोट चुकलं, कुणाची बायको खरंच भांडून माहेरी गेलेली. मला त्या फोनांची गोडी लागली. एकजण तर आपल्या म्हशीच्या आजारपणाबद्दल कितीतरी वेळ बोलला आणि ठेवताना म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडं बी म्हशी हायत का?" त्या दिवशी मी खोलीवर हसत गेले.

मग लाल यायचे थांबले. पिवळेही आटले. रोज सगळा कारखाना हिरवागार. पुण्याहून अभिनंदनाची मेल आली, वर फुग्यांचं चित्र. मी मात्र सकाळी डोळे उघडले की आधी मोबाईल बघायचे, एखादा लाल आलाय का. कुणाला तरी दुःख व्हावं आणि त्यानं ते मला सांगावं, याची मी वाट बघत होते. सांगायला लाज वाटते, पण बोलायला दुसरं कुणीच नव्हतं.

शेवटी एका सकाळी मी पहिल्या पाळीला फाटकावर जाऊन उभी राहिले. एरवी मी उशिरा, ऑफिसच्या दारानं येते. कामगारांची बस नुकतीच रिकामी झाली होती. स्क्रीनशेजारी आमचे वॉचमन उभे होते. फौजेतून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना मेजर म्हणतात. साताऱ्याकडं फौजेतून आलेला प्रत्येकजण मेजरच असतो. लोक कार्ड लावत होते आणि चेहरा मेजर दाबत होते.

"काय दाबू रं?"

"दाबा हिरवं."

"तुझं?"

"हिरवंच की."

रंगकाम विभागातला एकजण आला. तोही इतरांसारखाच "हिरवं" म्हणाला. मेजरांनी पुढं केलेलं बोट मागं घेतलं. "बस जरा," म्हणाले आणि आपल्या केबिनमधल्या स्टुलाकडं मान केली. तो बसला. मेजरांनी थर्मासातला चहा त्याच्या हातात दिला आणि पुढच्याला विचारू लागले. तो चहा पीत राहिला. रांग ओसरल्यावर मेजरांनी विचारलं, "जातूस?" तो "जातो" म्हणाला. मग त्यांनी हिरवा दाबला.

मी मेजरांना धारेवर धरलं. "ज्याचं त्यानं दाबायचं असतं. अशानं आम्हाला कळणार कसं?"

"आवं मॅडम, रांग तटती. आन् लाल दाबलं की तुमचा फोन येतो. शेजारचा कान देतो, सुपरवायजर इचारतो कुणाचा फोन. मग माणूस काय बोलनार? समदीच म्हनाली, मेजर, तुमीच दाबा." माझा चेहरा बघून ते थांबले. "फोन तुमचा वंगाळ न्हाई. पर अवघडत्यात लोकं."

मला ते फार लागलं. ज्या फोनांवर मी दिवस काढले होते, ते लोकांना नकोच होते. म्हशीवाला आठवला. त्यालाही अवघडच झालं असणार, म्हणून तर त्यानं म्हैस काढली.

"आणि त्या रंगकामवाल्याला का बसवलंत? तोही हिरवंच म्हणाला होता."

"काय म्हायती. बसवावं वाटलं."

उद्यापासून प्रत्येकानं आपल्या हातानं दाबलं पाहिजे, नाहीतर मला पुण्याला कळवावं लागेल, असं मी बजावलं. आवाज नको इतका चढला होता. मेजर शांतपणे "व्हय मॅडम" म्हणाले. मग हात पुढं करून म्हणाले, "तुमचं कार्ड?"

त्या स्क्रीनला मी तोवर कधी कार्ड लावलंच नव्हतं. लावलं. तीन चेहरे उमटले.

"काय दाबू?"

"हिरवं," मी म्हणाले.

मेजरांनी बोट मागं घेतलं.

"बसा जरा."

मी बसले. थर्मासाचं झाकण फिरवत, माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "न्ह्यारी झाली का?"

इतके महिने मी उत्तर तयार ठेवून होते. ते द्यायला तोंड उघडलं आणि त्या स्टुलावर बसून मी रडले.