लिहू नको म्हटलेलं

हिंगोलीच्या एसटी स्टँडजवळ एका टायपिंगच्या दुकानात मी लग्नाआधी काम करायचे. तिथला मराठी फॉन्ट म्हणजे आमच्या मालकांची करामत. कुठून तरी फुकटात आणलेला, वर स्वतःच्या मनानं अक्षरं इकडची तिकडं केलेली. तेव्हाचं मराठी कॉम्प्युटरमध्ये रुमाल टाकून बसायचं. सीट इंग्रजी अक्षराची, तिच्यावर आमचा 'क' नुसता दिसायला. फॉन्ट काढला की लग्नपत्रिकेच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. आता म्हणे प्रत्येक अक्षराला जगभर चालणारा स्वतःचा नंबर मिळालाय, रिझर्वेशन केल्यासारखा. चांगलंच झालं. पण माझी सगळी विद्या त्यात वाया गेली, आणि त्याचा मला अजून राग आहे.

परवा कळमनुरीहून एक मुलगी माझं घर शोधत आली. लग्न आठ दिवसांवर आणि हातात पेन ड्राइव्ह. ती लहान असताना तिच्या आईनं माझ्याकडून तिच्यासाठी एक पत्र टाइप करून घेतलं होतं. बाईंना लिहितावाचता येत नव्हतं. नांदेडला ऑपरेशन होतं, त्याच्या आधीची गोष्ट. पत्र कागदावर छापून काढू दिलं नाही. "कागद दिसला तर पोरगी आत्ताच कुणाकडून वाचून घेईल. लग्नात द्यायचंय," म्हणाल्या. नांदेडहून त्या परत आल्या नाहीत. वडिलांनी पेन ड्राइव्ह जपून ठेवला, आता लेकीला दिला, तर उघडल्यावर तीच खिचडी.

"चार दुकानं फिरले, ताई. समदे म्हणून राहिले, फाईल खराब झाली. एकानं मराठी करून दिली, तर अजूनच बिघडली."

बिघडणारच. मालकांची उलथापालथ कुठल्या सॉफ्टवेअरला ठाऊक? मालक गेले, त्यांचा कॉम्प्युटर भंगारात गेला.

मी स्क्रीनकडे बघितलं, काही उमगेना. ही अक्षरं माझ्या डोळ्यांना कधी माहीतच नव्हती, माहीत होती ती बोटांना. मग कीबोर्ड मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि तिला म्हटलं, "तू एकेक अक्षर वाच."

"स्मॉल के, कॅपिटल डी, सेमीकोलन..." ती वाचत गेली, माझी बोटं चालत गेली आणि तोंडातून मराठी बाहेर पडायला लागलं. पहिली ओळ जुळली तेव्हा मी, खरं सांगते, गर्वानं फुगले.

पत्र भलतंच व्यवहारी होतं. "सासरी पहिल्या दिवशी भाकरी करायला लावतील. करपली तर तवा खराब म्हण." मुलगी हसली. "मोठ्यानं बोलू नको म्हणतील. तू बोलत जा, तुला हळू जमत न्हाई." ती अजून हसली. चहा गार झाला, पण दोघींपैकी कुणी उठलं नाही.

मध्येच मी अडखळले, कारण पुढचं पत्रातलं वाटेना.

"थांब बाई, हे लिहू नको. बघ की, पायरीवर कशी बसली माझी पोरगी, फ्रॉक उसवून घेतला. घरी गेल्यावर पयलं ते शिवते. हां, सांग, कुठवर आलं?"

तेव्हा मी कानावर पडेल ते टाइप करायचे. 'लिहू नको' हेसुद्धा लिहून टाकलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तेवढं काढून टाकते," मी म्हटलं. "तुझी आई नको म्हणाली होती."

"काढू नका." ती स्क्रीनवरच्या त्या इंग्रजी अक्षरांकडे बघत होती. "त्या दिवशी घरी आल्या आल्या तिनं फ्रॉक शिवायला घेतला. मी रुसले होते, मला बाहेर काहून बसवलं म्हणून. बोललेच न्हाई तिच्याशी."

मग तिनं नाक पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून तीच ओळ वाचायला लागली, एकेक अक्षर. मी डोळे मिटले.