दामा नाखव्यांचा पहिला प्रश्न

पाण्याखाली काढलेला कुठलाही फोटो दाखवा, दामा नाखवा आधी प्राण्याकडे बघायचेच नाहीत. अंगठ्यानं प्राणी झाकायचे आणि विचारायचे, "ह्या कशाला चिकटलाय?" मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारा. चाळिशीनंतर हौसेनं डायव्हिंग शिकलो. हिवाळ्यात पाणी जरा निवळलं की काशीदसमोरच्या खडकांत उतरायचं, दिसेल त्याचे फोटो काढायचे. निम्म्या प्राण्यांची ओळख पुस्तकांत पटायची नाही. मग मोबाईल घेऊन मी आगरदांड्याच्या जेट्टीवर जायचो, जाळं शिवत बसलेल्या नाखव्यांपाशी.

"तल चिखलाचा का खडकाचा? पानी भरतीचा का सुकतीचा?" अशी उलटतपासणी व्हायची. एवढं करून खात्री पटली नाही तर स्वच्छ सांगायचे, "ठाऊक न्हाय." मी हिरमुसलो की म्हणायचे, "बघल्याबिगर बोलायचा न्हाय, मास्तर. एकदा चुकीचा नाव लागला का पुसता पुसत न्हाय." पुस्तकी पंडितांना हे सहज जमत नाही, मला तर नाहीच.

वीस पावलांवर त्यांचा मावसभाऊ गणपत जाळं घेऊन बसलेला असे. दोघं एकाच घरात वाढलेले, पण आठ वर्षं बोलणं बंद. रात्रभर टाकून ठेवलेलं नाखव्यांचं नवं जाळं एकदा नाहीसं झालं होतं. त्या रात्री जवळपास फक्त गणपतची होडी होती. नाखव्यांनी भर जेट्टीवर, चारचौघांत त्याला चोर म्हटलं. मुलीच्या लग्नालाही त्याला बोलावलं नाही. मी एकदा धीर करून विचारलं, "त्यानं जाळं कापून नेताना तुम्ही बघितलं होतं?" नाखव्यांनी दातानं दोरा तोडला आणि म्हणाले, "च्या घेनार?"

दोन हिवाळ्यांमागे मला एक फोटो मिळाला. काळ्या द्राक्षांसारखे घोस, एका दोरीला लटकलेले. स्पंजाची नवी जात सापडली अशा थाटात मी तो त्यांच्यापुढे धरला. त्यांचा अंगठा घोसावर गेला.

"कशाला चिकटलाय?"

"एका जाळ्याच्या दोरीला. खाली गोल दगड आहे."

"दगडाला मधे भोक हाय?"

मी फोटो मोठा केला. भोक होतं.

"स्पंज न्हाय. माकलीची अंडी हायत," ते सावकाश म्हणाले. मग त्यांचा अंगठा खाली दगडावर सरकला. "आनि ह्या माझ्या आयचा जाता हाय."

फुटलेल्या जात्याची एक तळी त्यांनी त्या जाळ्याला वजन म्हणून बांधली होती. नाखवा डावखुरे, त्यामुळे गाठही उलटी. दोरी शाबूत होती, जाळं कोणी कापून नेलंच नव्हतं. ओढीनं वाहत जाऊन ते खडकात अडकलं होतं. मी मात्र मूर्खासारखा माकलीच्या, म्हणजे कटलफिशच्या, अंड्यांबद्दलच बडबडत होतो.

"इतक्यात जाला काढू नका. पिला सुटूंदेत," ते म्हणाले आणि माझा मोबाईल घेऊन उठले. ती वीस पावलं चालायला त्यांना फार वेळ लागला.

"गणपत, वळख."

गणपतनं चष्मा सदऱ्याला पुसला. आता हा मोबाईल खाडीत भिरकावणार अशी माझी खात्री होती.

"मावशीचा जाता," तो म्हणाला. "कुठं गावला?"

"खडकात. जाल्यासकट. मी तुला सगल्यांसमोर चोर बोललो."

"व्हय, बोललास. आता सगल्यांसमोर च्या पाज."

पिल्लं सुटल्यावर आम्ही ते जाळं वर काढलं. तळी गणपतनं स्वतः घासून काढली आणि नाखव्यांच्या दारात ठेवली.

गेल्या वर्षी नाखवा गेले. पुढचा खांदा गणपतचा होता. मला त्यांची फार आठवण येते. माझ्या यादीत आज कितीतरी फोटोंखाली 'ठाऊक नाही' असं लिहिलेलं आहे. लिहिताना लाज वाटत नाही. शेवटच्या आजारपणात मी फोटो दाखवायला गेलो होतो, तेव्हा मोबाईल बाजूला सारून ते म्हणाले होते, "दर्यातल्या एकेका किड्याला ठाऊक न्हाय बोललो, मास्तर. भावाच्या टायमाला तेवढा बोलता आला न्हाय."