नाव बघून भरलेले रकाने

उत्कर्षा वैरागडे आमच्या ऑफिसात आली तेव्हा माझ्या शेजारचं टेबल रिकामं होतं, म्हणून ती तिथं बसली. आमच्या ओळखीला याहून मोठं कारण नाही. साल २०१२, दिवाळी होऊन आठवडा झाला होता. येरवड्याच्या पुढे काचेच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही चौदा जण सकाळी सात ते दुपारी चार काम करायचो. आत जाताना मोबाइल, पेन, कागद, सगळं लॉकरमध्ये ठेवायचं. टेबलावर फक्त पाण्याची बाटली चालायची.

ती हिंगणघाटची. वडील तिकडे कापसाच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर. बीकॉम झाली, संगणकाचा कोर्स केला आणि मैत्रिणीच्या भरवशावर पुण्याला आली. मैत्रीण महिन्याभरात लग्न ठरवून परत गेली, ही राहिली. विश्रांतवाडीत सुशीलाबाई नावाच्या निवृत्त नर्सबाईंकडे तिला खोली मिळाली. ती मिळाल्याची गोष्ट तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितली होती. सुशीलाबाईंनी चहा दिला, खोली दाखवली आणि जिन्यावरून उतरताना सहज विचारलं, "वैरागडे म्हणजे नक्की कोण?" ही म्हणाली, "हिंगणघाटचे." बाई म्हणाल्या, "गाव नव्हतं विचारलं मी."

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. मी खाली उतरली. त्यांनी मनातल्या मनात काहीतरी ठरवलं आणि खोली दिली. काय ठरवलं ते मला अजून माहीत नाही."

ती हे हसत सांगायची, पण सांगून झाल्यावर उठून पाणी प्यायला जायची. एका जागी बसणं तिला जमायचंच नाही. तासाभरात तीनदा उठायची, खिडकीपाशी जाऊन खालचा रस्ता बघायची, परत येऊन दुप्पट वेगाने टाइप करायची. काम मात्र आमच्या सगळ्यांपेक्षा चोख.

आता काम काय होतं ते सांगतो, कारण माझ्या आईलासुद्धा ते कधी धड कळलं नाही. अमेरिकेतली काही राज्यं, आपल्याकडे येऊन सिनेमा काढा म्हणून निर्मात्यांना करात सवलत देतात. त्यातल्या एका राज्याने सवलतीसोबत एक गोष्ट मागितली होती: चित्रीकरणावर कोणकोण कामाला होतं ते कळवा. बायका किती, पुरुष किती, कोणत्या वंशाचे किती, स्थानिक किती. सिनेमात ठरावीक लोकांनाच काम मिळतं, बाकीच्यांना दारही दिसत नाही, ते बदलावं हा हेतू. त्यासाठी सुतारापासून कॅमेरावाल्यापर्यंत प्रत्येकाला एक पानी फॉर्म दिला जायचा. भरायची सक्ती नव्हती. ज्याला सांगायचं नाही त्याने रकाना कोरा सोडावा, असं त्यावरच छापलेलं होतं. निर्मात्यांनी ही मोजणी तिथल्याच एका कंपनीला दिली होती, ती आमची क्लायंट; तिच्याकडून भरलेल्या फॉर्मांचे फोटो पुण्याला यायचे आणि आम्ही ते तक्त्यात चढवायचो.

जानेवारीत एका मोठ्या सिनेमाचे फॉर्म आले. दोन हजारांच्या वर. आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्यांनी वंशाचा रकाना कोरा सोडला होता.

आमचा टीम लीड विश्वजीत. तो धानोरीचा, म्हणजे इथलाच. गाव महापालिकेत गेलं, शेतावर सोसायट्या उभ्या राहिल्या, याने एमबीए केलं. माणूस वाईट नव्हता. कोणाची आई आजारी असली तर रजा आधी आणि अर्ज नंतर, अशी त्याची पद्धत. त्या दिवशी त्याने आम्हाला भोवती उभं केलं आणि सांगितलं, क्लायंटला पाच टक्क्यांच्या वर कोरं नको आहे. परत विचारायला वेळ नाही, लोक दुसऱ्या सेटवर पांगले. तेव्हा नाव बघून भरा. आडनावावरून बरंचसं कळतं.

कोणीतरी विचारलं, नाही कळलं तर? तो म्हणाला, जे जास्त शक्य वाटतं ते.

आम्ही भरू लागलो. पहिल्या दिवशी गंमत वाटली, खोटं कशाला सांगू. कोण स्पॅनिश, कोण चिनी, कोण काळा, कोण गोरा, आम्ही पुण्यात बसून ठरवत होतो. आम्ही कोणीच तो देश पाहिलेला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत पैजा लागायच्या. उत्कर्षा पैजांमध्ये नव्हती, पण रकाने तीही भरत होती. चार दिवसांत काम संपलं. शेवटचा अहवाल जायला अजून तीन आठवडे होते, मधल्या काळात राज्याचं कार्यालय नमुना म्हणून थोड्या लोकांना त्यांची नोंद तपासायला पाठवणार होतं.

त्या थोड्या लोकांत रोसा व्हिलानुएवा होती. सिनेमाच्या कपडेपटात शिवणकाम करणारी बाई. तिची मेल राज्याच्या कार्यालयाकडून क्लायंटकडे आणि तिथून आमच्या टीमच्या सामायिक पेटीत आली. मला ती जवळपास पाठ आहे. तिने लिहिलं होतं, मी हा रकाना मुद्दाम कोरा सोडला होता. माझे आजोबा फिलिपिन्सचे, आजी मेक्सिकोची, आईकडचं वेगळंच. माझ्या घरात या प्रश्नाची चार उत्तरं आहेत आणि त्यातलं एक निवडायचं नाही हे मी ठरवलं आहे. माझ्या वतीने कोणी निवडलं?

प्रत्येक नोंदीसमोर भरणाऱ्याचा क्रमांक असतो. तो उत्कर्षाचा होता.

विश्वजीतने तिला काही सुनावलं नाही. त्याने टायपिंगची चूक झाली असं उत्तर लिहिलं, तो एक रकाना कोरा केला आणि सगळ्यांना पुढच्या कामाला लावलं. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता.

उत्कर्षा त्या दिवशी दर तासाला दहा-बारा वेळा तरी उठली असेल. खिडकीपाशी जायची, परत यायची, दोन ओळी टाइप करायची, परत उठायची. चार वाजता खाली बस आली तरी चढली नाही. मला म्हणाली, चालत जाऊ. माझं घर बिबवेवाडीत, म्हणजे नेमकं उलट्या दिशेला, तरी मी तिच्याबरोबर निघालो. आळंदी रस्त्याला ट्रकांची रांग लागलेली, फूटपाथवर भाजीवाल्यांच्या पाट्या, आणि ही इतकी भराभर चालत होती की मला मधूनमधून पळावं लागत होतं.

"श्रीनिवास, तू किती भरले?" तिने विचारलं.

मी मोजले नव्हते. शंभर-सव्वाशे असतील म्हणालो.

"माझे एकशे त्र्याऐंशी. मी बघितले." थोडं पुढे जाऊन ती थांबली. "मी काय करून राहिली, काही समजून नाही राहिलं. सुशीलाबाईंनी एकदा केलं तर मला झोप नाही आली. मी एकशे त्र्याऐंशी वेळा केलं आणि डबा खाल्ला."

मी म्हणालो, आपल्याला सांगितलं ते आपण केलं. हे बोलताना मला स्वतःलाच ते पुरेसं वाटलं नाही.

पुढचे दोन दिवस ती जेवायला आली नाही. फॉर्मांचे मूळ फोटो एकेक उघडून, जिथं माणसाने कोरं सोडलं होतं तिथं तक्त्यातही कोरं करत होती. फक्त स्वतःच्या क्रमांकाच्या नोंदी. तिच्या स्क्रीनकडे न बघता काम करणं त्या दोन दिवसांत मला फार जड गेलं. माझ्याच नोंदी मी तीनदा उघडल्या आणि तीनदा मिटल्या.

तिसऱ्या दिवशी विश्वजीतला आकडा दिसला. कोऱ्या रकान्यांचं प्रमाण वर गेलं होतं. तो तिच्या टेबलापाशी आला, आवाज चढवला नाही. कोणी सांगितलं होतं, एवढंच विचारलं. ती म्हणाली, कोणी नाही.

"अगं, हे चांगल्या कामासाठी आहे," तो म्हणाला. "सगळ्या प्रकारच्या लोकांना काम मिळावं म्हणूनच तर ही मोजणी आहे ना? तू कोरं ठेवलंस तर ती माणसं मोजलीच जाणार नाहीत. कोणाचा फायदा झाला यात?"

"मग त्या माणसांनाच विचारा, सर. मोजायचं असेल तर विचारून मोजा. मी इथं बसून कोण कोणाचं ते कसं ठरवू?"

विश्वजीत म्हणाला, त्यालाही लोक आडनाव ऐकलं की जमिनी विकलेला गुंठामंत्रीच समजतात, त्याने म्हणून काय काम सोडून बसायचं का? आणि सोमवारपर्यंत सगळे रकाने परत भर असं सांगून गेला.

तिने भरले नाहीत. सोमवारी सकाळी तिने सामायिक पेटीतून रोसा व्हिलानुएवाला थेट मेल लिहिली. आमच्या नियमांत याला जागाच नव्हती. परदेशातल्या माणसाशी बोलायचं ते फक्त क्लायंटमार्फत. मी शेजारी बसून वाचली, चार वाक्यं होती. तुमचा रकाना मी भरला. टायपिंगची चूक नव्हती, तुमचं नाव बघून अंदाज केला. मी भारतात पुणे नावाच्या शहरात काम करते. मला माफ करा. खाली पूर्ण नाव.

"पाठवू?" तिने विचारलं.

मी नको म्हणालो. नोकरी जाईल असंही म्हणालो. ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली आणि उभ्यानेच बटण दाबलं.

त्यानंतर सगळं दोन दिवसांत घडलं. रोसाने ती मेल आपल्या युनियनला दाखवली, युनियनने निर्मात्यांना विचारलं, त्यांनी क्लायंटला, आणि क्लायंटचा फोन विश्वजीतच्या वरच्या शेफालीमॅडमना आला. त्यांनी उत्कर्षाला काचेच्या खोलीत बोलावलं. अर्ध्या तासाने ती बाहेर आली तेव्हा तिचा तिसऱ्या मजल्याचा पास बंद झालेला होता. काढून टाकलं असं कोणी म्हणालं नाही. 'प्रोजेक्टवरून मुक्त' असा शब्द वापरला. तीन आठवडे ती तळमजल्यावर काम नसलेल्यांच्या खोलीत रोज येऊन बसली. मी जेवायला खाली जायचो तेव्हा ती फेऱ्या मारत असायची, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. तिथं ना खिडकी, ना संगणक. घरी काय सांगितलंस विचारलं तर म्हणाली, काही नाही, आईला वाटतं काम हलकं झालं. चौथ्या आठवड्यात तिने स्वतःच राजीनामा दिला. शेफालीमॅडमनी तो त्याच दिवशी मंजूर केला.

ती गेल्यावर चार दिवसांनी सामायिक पेटीत रोसाचं उत्तर आलं. सकाळी पहिला मी बसलो होतो म्हणून मलाच आधी दिसलं. ते क्लायंटकडे जाणार आणि पेटीतून पुसलं जाणार हे मला माहीत होतं. पेन नाही, कागद नाही. मी ते पाचसहा वेळा वाचलं, ओळ न ओळ घोकत लॉकरपर्यंत गेलो आणि जिन्यात उभा राहून मोबाइलवर उतरवून तिला पाठवलं. मजकूर असा होता: तुमची मेल मिळाली. मला राग आला होता, अजून आहे. पण गेली वीस वर्षं माझ्याबद्दल काही ना काही लिहिलं जातं आणि ते कोणी लिहिलं हे मला कधीच कळत नाही. या वेळी कळलं. तुमच्यावर काही आलं असेल तर मला वाईट वाटेल.

संध्याकाळी तिचा फोन आला. तिने मला ते पूर्ण वाचायला लावलं.

"अजून राग आहे असं लिहिलं ना?"

"हो."

"बरोबर आहे," ती म्हणाली. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती, सुशीलाबाईंचा टीव्हीही. राजीनाम्याचं घरी सांगितलं का, मी विचारलं. उद्या सांगणार म्हणाली.

मार्चमध्ये क्लायंटकडून नव्या सूचनांचं पान आलं. त्यात सातव्या क्रमांकाला लिहिलं होतं की माणसाने कोरा सोडलेला रकाना कोणत्याही कारणाने भरू नये. कोणामुळे ते कुठं लिहिलेलं नव्हतं. विश्वजीतने ते आम्हाला वाचून दाखवलं, सातव्यापाशी थोडा अडखळला आणि पुढे गेला. ज्या सिनेमावरून हे झालं त्याचा अहवाल आधीच गेला होता. त्याला सवलत मिळाली.

उत्कर्षाला पुढे बिबवेवाडीत डोळ्यांच्या एका दवाखान्यात नोंदणीचं काम मिळालं, माझ्या घरापासून पाच मिनिटांवर. मी आईला तपासायला नेलं तेव्हा ती काउंटरच्या मागे उभी होती. खुर्ची होती, पण ती उभीच. आईला तिने वय विचारलं. आई म्हणाली, लिही पासष्टच्या आसपास. उत्कर्षाने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "काकू, आसपास नको. माहीत नसेल तर नाही म्हणा, चालेल."

आईने रीतसर जन्मसाल सांगितलं. माझ्याकडे बघून उत्कर्षा थोडं हसली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

मी अजून त्याच इमारतीत आहे, मजला बदलला आहे. तिच्या एकशे त्र्याऐंशी नोंदी कोऱ्याच गेल्या, कारण ती गेल्यावर त्या परत भरायला कोणी धजावलं नाही. माझ्या शंभर-सव्वाशे मात्र भरलेल्या गेल्या. नक्की किती, ते मी अजून मोजलेलं नाही. कधी कधी कामाच्या मध्येच उठतो, उगाच खिडकीपर्यंत जातो आणि परत येऊन बसतो.