उल्हासाच्या फोनवरच्या हरकती

उल्हास गेल्याची बातमी मला पदेराने दिली. रोज सकाळी पाव घेऊन येणारा हा माणूस सायकलवरून कधी खाली उतरत नाही. त्या दिवशी उतरला. पिशवी माझ्या हातात देऊन हळूच म्हणाला, "भाऊ, उल्हासबाब गेले." आदल्याच संध्याकाळी मी त्याच्या खाटेशी बसून आलो होतो. उद्या येतो म्हणालो होतो...

उल्हास आणि मी डिचोली तालुक्यातल्या एकाच गावचे, शाळेत एकाच बाकावरचे. गोवा घटकराज्य होण्याआधीच्या भाषावादात मात्र तो कोंकणीच्या बाजूला गेला आणि मी मराठीच्या. कित्येक महिने आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. पुढे लाटंबार्सेच्या सरितेशी त्याचं लग्न ठरलं, तेव्हा आमंत्रण द्यायला तो स्वतः आला. पत्रिका मराठीत होती. मी पत्रिकेकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "आवय आयकना," आईवर ढकलत तो म्हणाला, आणि आम्ही दोघेही हसत सुटलो. त्यानंतर आम्ही आयुष्यभर भांडलो, पण अबोला कधी धरला नाही.

पणजीच्या एका सरकारी कचेरीत त्याची नोकरी झाली. गावचं कोणी कामाला तिथे गेलं की यालाही तेच उत्तर द्यावं लागायचं, फाइल वर गेली आहे. त्या वाक्याची त्याला मनापासून लाज वाटायची. म्हणून निवृत्तीच्या सुमारास सरकारची कामं ऑनलाइन दिसू लागली, तेव्हा स्वारी भलतीच खूश झाली. आपला अर्ज कुठल्या टेबलावर पडलाय हे घरबसल्या कळतं, याचं त्याला कोण कौतुक! मी चिडवायचो, की टेबल दिसतं रे, टेबलामागचा माणूस दिसतो का? त्याचं म्हणणं, एकदा दिसायला लागलं की निदान विचारता येतं.

आमच्या डोंगराच्या पायथ्याशी बारमाही झर आहे. माझी सुपारीची बाग त्याच पाण्यावर उभी आहे आणि गावच्या विहिरीही. तो डोंगर कापून बंगले बांधण्याचा प्रस्ताव सरकारी संकेतस्थळावर लागला होता, आणि गावात कोणाला पत्ता नव्हता. उल्हासाला तो दिसला. हरकती ऑनलाइन नोंदवायच्या होत्या आणि मुदत थोडी होती. तोवर त्याचं डायलिसिस सुरू झालं होतं. म्हापशाहून परतला की थोडा वेळ पडायचा आणि सुजलेल्या पायांनी घरोघर निघायचा. मी मागून त्याला शिव्या देत चालायचो.

गावातल्या तरुणांनी एक छानसा मजकूर तयार केला होता. सगळ्यांनी तोच चिकटवला की काम झालं, असा त्यांचा हिशेब. उल्हास काही ऐकेना. सगळ्यांनी एकच लिहिलं तर वरचे सगळ्यांची मिळून एकच हरकत धरतात, हे त्याने नोकरीत पाहिलं होतं. ज्याने त्याने आपल्या तोंडाने सांगायचं आणि याने ते टाइप करायचं, असं सुरू झालं. ज्या म्हाताऱ्यांकडे फोन नव्हता, त्यांच्या नावापुढे त्याने स्वतःचा नंबर घातला. त्यांतलीच गुलाबकाकी म्हणाली, "म्हजी म्हस थंय उदक पिता. तिका उलोवंक येना, म्हूण हांव सांगतां." मी म्हटलं, अरे, म्हशीला बोलता येत नाही म्हणून ही सांगते, हे जरा नीट मराठीत कर. माझ्याकडे न बघता त्याने ते जसंच्या तसं धाडून दिलं.

मुदत संपली, आणि त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही. तो गेल्यापासून मला भांडायला कोणी उरलेलं नाही. हे मला सोसत नाही, सरळच सांगतो.

बाराव्यानंतर एका दुपारी त्याचा फोन वाजायला लागला तो थांबेचना. सरिता फोन घेऊन आमच्याकडे आली. सुनावणीला हजर राहावे, असे संदेश एकामागून एक येत होते... गुलाबकाकीच्या नावाने, इतर म्हाताऱ्यांच्या नावाने, आणि एक त्याच्या स्वतःच्या नावाने. खाली लिहिलं होतं, स्वतः हजर न राहिल्यास हरकत मागे घेतली असे समजण्यात येईल. ती ओळ सरितेने दोनदा वाचली. मग फोन मांडीवर ठेवून खूप रडली.

सुनावणीला आम्ही मिनीबस करून गेलो. अधिकारी एकेक नाव वाचत होते आणि जो तो उठून उभा राहत होता. उल्हासाचं नाव आलं. कोणी उठलं नाही. त्यांनी नाव पुन्हा वाचलं आणि खोडायला पेन टेकवलं. तेव्हा सरिता उभी राहिली. चारचौघांत कधी न बोललेली ही बाई.

"ते नात," ती म्हणाली. "पूण हरकत आसा."

नवरा नाही, पण हरकत आहे म्हणणाऱ्या तिच्याकडे अधिकाऱ्यांनी बघितलं. मग पेन उचललं आणि नाव तसंच राहू दिलं.

निकाल अजून आलेला नाही; येईल तो त्याच्याच नंबरवर. उल्हासाच्या खोलीत, खाटेजवळच्या खिडकीत तो फोन चार्जरला लावलेला असतो. नंबर बंद पडू नये म्हणून सरिता त्यात नेमाने रिचार्ज टाकते. संध्याकाळी मी जाऊन बसतो, खाटेवर नाही, उंबऱ्यावर. गावातल्या बायका येता-जाता दारातून विचारतात, "उल्हासाक कांय आयलां?" तो आत असल्यासारखंच विचारतात. सरिता आत जाऊन फोन बघते, आणि ना म्हणते.